तळीचा ढब्बू

आमच्या घरात वाट्या भरपूर आहेत, पण आमटी वाढायला एक सापडेल तर शपथ. एकीत सोड्याचं पाणी, एकीत नुसतं पाणी, एकीत गोडं तेल, आणि प्रत्येकीच्या तळाशी एकेक नाणं बसलेलं. एकदा मी घाईत तेलाची वाटी चटणीबरोबर पाहुण्यापुढं केली. त्यानं भाकरीचा तुकडा बुडवला आणि खाली टणकन वाजलं. पाहुणा माझ्या तोंडाकडं बघतोय, मी ह्यांच्या तोंडाकडं बघतेय, आणि आमचे हे काय म्हणाले? "जरा हळू पावणं, त्येची कड मऊ झालीया."

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण ह्या माणसानं मला जेवढा ताप दिलाय, तेवढ्यावर नाव घ्यायची मुभा मिळायला हरकत नाही. धुळाप्पा. मेंढरं राखणाऱ्या बापाचा मुलगा, कळंब डेपोला कंडक्टर म्हणून लागला आणि तिथूनच रिटायर झाला. धाराशिवात दोन खोल्या बांधल्या. मला वाटलं, आता हा माणूस भाजी आणेल, दळण टाकून येईल, माझ्याशी दोन शब्द बोलेल. डोंबल! रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी माळ्यावरचे डबे खाली आले ते आजतागायत वर गेलेले नाहीत.

हे वेड एसटीतलंच. बाजाराच्या दिवशी गर्दीत लोक कंडक्टरच्या हातावर काहीही टेकवतात. बंद पडलेली नाणी, निजामाच्या वेळची, कुणाच्या आज्याच्या गाठोड्यातली. दुसरा कंडक्टर असता तर चार शब्द सुनावून खाली उतरवलं असतं. हे ते नाणं आपल्या खिशात घालायचे आणि स्वतःचं चालतं नाणं सरकारच्या पिशवीत टाकायचे. मी भांडले की म्हणायचे, "म्हातारी हुती गं, उनात चालत गेली असती." म्हातारी होती हे खरंच. पण घरी आल्यावर तिचं नाणं हातावर घेऊन त्यावरची फारसी अक्षरं बघत बसायचे, ते कोणत्या म्हातारीसाठी?

त्यात पत्र्याच्या डब्यात पावसाचं पाणी शिरलं आणि तांब्याच्या नाण्यांवर हिरवं चढलं. मग ह्यांनी प्लास्टिकच्या कप्प्यांचा मोठा अल्बम आणला. मोठ्या हौसेनं एकेक नाणं त्यात सरकवलं. दोन उन्हाळे गेले आणि प्लास्टिकला घाम सुटला. नाणी चिकट झाली, हिरवी झाली, कप्प्यातून सुटेनात. त्या दिवशी हा माणूस जेवला नाही. घरात कुणी वारलं तरी चार घास खाणारा माणूस! मी ताट वाढून बसले, आणि हे अल्बम मांडीवर घेऊन बसले.

तेव्हापासून हा दवाखाना सुरू आहे. बॅटरीवाल्याकडून आणलेलं पाणी, कारण नळाचं पाणी नाण्याला बाधतं. माझ्या गुडघ्याला नळाचं पाणी चालतं, नाण्याला चालत नाही! नाणी भिजवायची, रोज पाणी बदलायचं, मग बाभळीच्या काट्यानं कणकण हिरवं उचलायचं. त्यातही दोन जाती. गुळगुळीत काळपट हिरवं असतं ते नाण्याची कातडी, त्याला हात लावायचा नाही. पिठासारखं भुरभुरतं ते दुखणं, ते काढलं नाही तर नाणं आतून खातं. मी देवाची भांडी चिंच लावून घासायला बसले की हे दारात येऊन उभे राहतात आणि असा चेहरा करतात की जणू मी कुणाचा गळा धरलाय. "चिच लावू नगंस, कातडं सोलून निघतंय." अहो, तो तांब्या आहे, तांब्या! त्याला लख्खच ठेवायचं असतं!

तर असल्या माणसाच्या हातावर त्याच्या थोरल्या भावानं देवाचा पैसा ठेवला.

आमचं गाव वाशीच्या अलीकडं. तिथं थोरले भावजी बसप्पा आणि माझी जाऊ हरणाबाई राहतात. वाटण्या झाल्या तेव्हा गोठ्याच्या भिंतीवरून दोघा भावांचं बिनसलं. रान वाटलं, मेंढरं वाटली, भांडी वाटली, बोलणंही बंद झालं. एक गोष्ट मात्र कुणी वाटली नाही, तो तळीचा ढब्बू, जुना जाड तांब्याचा पैसा. चंपाषष्ठीला आमच्यात खंडोबाची तळी भरतात. ताटात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा म्हणजे देवाची हळद, आणि मधोमध पानावर पैसा. घरातल्या माणसांनी ताटाला हात लावायचा आणि येळकोट म्हणत उचलायचं. दोन घरांत दोन तळ्या भरता आल्या असत्या. पण ढब्बू एकच, म्हणून तळी एकच. वर्षभर एकमेकांच्या लग्नकार्यात तोंड फिरवून बसणारे हे दोघे त्या एका दिवशी एका ताटाला हात लावायचे.

तो ढब्बू म्हणजे पणज्यानं पहिली लोकर विकून देवाला ठेवलेला, निजामाच्याही आधीचा, असं सांगायचे. खरं तर कुणी नीट बघितलेलाच नव्हता. हळद आणि खोबऱ्याच्या तेलाचं एवढं जाड पुट चढलेलं, की हातात घेतला तर पेढ्यासारखा लागायचा. कारण आमच्या घराण्यात तळीचा पैसा धुवत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा हरणाक्कानं मला पहिलं तेच बजावलं होतं, "समदं धू, त्येला पाणी दाखवू नगं. सासूबायचा शबुद हाय."

गेल्या वर्षी तळी उचलताना ढब्बूच्या कडेनं हिरवं पीठ भुरभुरलं आणि पानावर पडलं. भावजींचा चेहरा उतरला. वर्षभर त्यांच्या मनात ते राहिलं असणार. कारण ह्या दिवाळीला आम्ही गावातल्या नणंदेकडं भाऊबीज करून त्यांच्या दारावरून निघालो, तर ते अंगणातून आडवे आले आणि ढब्बू ह्यांच्या हातावर ठेवला. "तुला त्यातलं कळतंय म्हणत्यात. बघ."

एवढंच बोलले. पण वाटणीनंतर भावाशी आपणहून बोललेला तो पहिला शब्द होता. ह्यांनी खिशातला रुमाल काढला. आक्का मात्र चुलीपाशी होती ती तशीच धावत आली. "कशाला त्ये? ऱ्हाऊ द्या की. देवाचं असं उकरत न्हाईत!" भावजींनी हातानं गप्प बस असं केलं. मला आक्काचा राग आला. म्हटलं, दोन भाऊ बोलायला लागले तर हिचं काय जातंय?

धाराशिवला येईपर्यंत हा माणूस ढब्बू रुमालात धरून बसला होता. घरी आल्यावर माझी सगळ्यात चांगली काचेची वाटी घेतली. म्हटलं, भावाचं काम आहे, घेऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते तर हे मागं येऊन उभे राहिले. तोंड पांढरंफटक. "शिवकांता, रगात."

"कुणाचं?" माझ्या हातातली साखर सांडली.

"ढब्बूचं."

जाऊन बघते तर वाटीतलं पाणी लालभडक. मी आधी कपाळाला हात लावला आणि मग ह्यांच्याकडं बघितलं. "अहो, हळदीवर सोडा पडला की काय होतं? पोरांच्या दुपट्यावरचा हळदीचा डाग साबणानं लाल व्हायचा, तो कुणी धुतला? तुम्ही? कुंकू कशाचं करतात?" तरी पटेना. शेवटी दुसऱ्या वाटीत चिमूटभर हळद टाकली, वर सोडा टाकला आणि नाकासमोर धरली. मग कुठं खाली बसले. एवढा नाण्यांचा डॉक्टर आणि हळद बघून गार पडला!

पुढं रोज पाणी बदललं, लालाचं तांबूस झालं, तांबूसचं पिवळट. पुट मऊ पडायला लागलं. हे उन्हात खुर्ची टाकून, डोळ्याला भिंग लावून, काट्यानं कडेकडेनं उकरायचे. मग एक दिवस दुपारी काटा मधोमध आरपार गेला.

मी पापड वाळत घालत होते. ह्यांचा आवाज आला नाही, म्हणून वळून बघितलं. नाणं एका हातात, काटा दुसऱ्या हातात, आणि नुसते बसलेले. "म्या भोक पाडलं," म्हणाले. "खाल्ला असंल हिरव्यानं आतून, आन् म्या काटा घातला."

पण भोक वाढत गेलं. चांगलं गोल, गुळगुळीत कडेचं, कारखान्यात पाडलेलं. हळद पूर्ण निघाली तेव्हा वाटीच्या तळाशी उरलं ते भोकाचं पातळ नाणं. वर मुकुट, खाली इंग्रजी साल, दुसऱ्या बाजूनं पानांची वेल. इंग्रजाच्या वेळचा भोकाचा पैसा! कुठला पणजा, कुठली लोकर आणि कुठला निजाम? लहानपणी आम्ही असल्या पैशांनी भातुकली खेळलो. ह्यांच्या डब्यात तसले कितीतरी पडलेत.

आणि नेमकं तेच वाईट होतं. तसले ह्यांच्या डब्यात कितीतरी पडलेत, हे गावातही सगळ्यांना माहीत होतं.

मी लगेच सांगितलं, "हे बघा, गपगुमान हळद आणि खोबरं कुटायचं, भोकात भरायचं, वरून लिंपायचं आणि न्यायचं. हिरवं गेलं ना? झालं तर मग. कुणाला कळतंय?"

"न्हाय."

"का न्हाय?"

"आण्णानं माझ्या हातावर ठिवला. जे निघालं ते दाखवायचं."

"अहो, ते म्हणतील तुम्ही बदलला! जुना ढब्बू डब्यात घातला आणि हा टिनपाट आणून ठेवला म्हणतील! तळी राहील बाजूला. पुन्हा त्या दारात पाय ठेवू देणार नाहीत!"

"म्हणंल."

असं कुणी वागतं का? चंपाषष्ठीपर्यंत मी रोज सांगितलं. रागावून सांगितलं, रडून सांगितलं, एक दिवस अबोला धरला. अबोल्याचा ह्या माणसावर काय परिणाम होणार? त्याला वाटलं असेल, आज घर शांत आहे. पण जेवत नव्हते नीट. भाकरी कुस्करायचे आणि कुस्करलेली तशीच ठेवून उठायचे. मनात सगळं कळत होतं त्यांना. तरी हट्ट सोडला नाही. जन्मभर सरकारच्या पिशवीत खोटं नाणं टाकलं नाही, ते आता भावाच्या ताटात टाकणार?

चंपाषष्ठीला सकाळच्या एसटीनं गावी गेलो. आक्कानं वांग्याचं भरीत केलेलं, अंगणातल्या चुलीत रोडगे भाजत होते, शेजारी सारवून पाट मांडलेला. पाटावर ताट, ताटात सगळं मांडलेलं, मधलं पान तेवढं रिकामं. भावजी धोतर नेसून, फेटा बांधून उभे होते. चेहऱ्यावर, खोटं कशाला बोलू, आनंद होता. "आणलास न्हवं? दाव," म्हणाले.

ह्यांनी रुमाल उलगडला.

भावजींनी बघितलं, भोकातून बोट घालून बघितलं, उलटा केला, सुलटा केला. "ह्यो काय?"

"आण्णा, हळदीखाली ह्योच निघाला."

"ढब्बू कुठंय?"

"ह्योच."

"धुळ्या, म्या तुझ्या हातावर पणज्याचा ढब्बू ठिवला हुता. ह्यो पोरासोरांच्या कमरंचा पैसा माझ्या हातावर ठिवतूस व्हय? तुझ्या डब्यात ग्येला का त्यो? गोठा दिला न्हाय, म्हणून देवाचं उचाललंस?"

मी वाट बघतेय, हा माणूस आता बोलेल, मग बोलेल. मान खाली! चोरासारखी मान खाली! माझं डोकंच फिरलं. "आवो, तोंड उघडा की! तोंडात काय नाणं धरलंय का?" ह्यांच्यावर ओरडले आणि तशीच भावजींकडं वळले. थोरल्या दिरापुढं मी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "भावजी, लोकांचं खोटं नाणं आपल्या खिशात घालून स्वतःचं खरं सरकारला दिलेला माणूस आहे हा! महिनाभर ह्या पैशापायी जेवला नाही. लिंपून आणा म्हणून मी सांगत होते, मी! ह्यांनी ऐकलं नाही, म्हणून तुम्हाला हे दिसतंय!"

"आण्णा," हे एवढंच म्हणाले, "घरी यून समदं डबं उघडून बग."

भावजींनी पैसा पाटावर टाकला. तो गडगडत गेला आणि चुलीच्या बाजूला पडला. "तळी न्हाय उचलायची," ते म्हणाले. "आजपास्नं तुझा देव तुझ्या घरी, माझा माझ्या घरी." आणि डोक्याचा फेटा सोडायला लागले. भर सणाला, ताट मांडलेलं असताना, फेटा सोडायला लागले!

तेवढ्यात आक्का चुलीपुढून उठली. तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले. पैसा उचलला. ताटातल्या खोबऱ्याचा कीस घेतला, चिमटीनं भंडारा घेतला, पाण्याचा थेंब टाकला, आणि अंगठ्यानं भोकात दाबला. एका बाजूनं दाबला, उलटा करून दुसऱ्या बाजूनं दाबला, कडेनं बोट फिरवलं, पुन्हा भंडारा लावला, पुन्हा बोट फिरवलं. भाकरी थापावी तसा हात चालत होता, बघायचीसुद्धा गरज नव्हती तिला. मग तो पैसा रिकाम्या पानावर ठेवला.

"आता वळखा," म्हणाली.

ढब्बूच होता तो. नवा, ओला, पिवळाधमक, पण तोच.

मग आक्का बोलायला लागली, भावजींकडं न बघता. "लगीन हून आले त्या सालची चंपासट हुती. सासूबायनं देवाची उपकरणी घासाया वड्यावर धाडलं. म्या ढब्बूला चिच लावली आन् हातातनं निसाटला. वड्याला पाणी हुतं. दिस कलंस्तवर चाचपडले, न्हाय घावला. घरी जाऊन काय सांगू? देव घालवला म्हणून सांगू? ह्यो धुळाप्पा बारका हुता, माझ्याच काखंत असायचा. काठावर नागडा बसून रडत हुता, म्या रडतीया म्हणून. त्येच्या करदोड्याला ह्यो भोकाचा पैसा व्हता. त्योच तोडून घेतला. हळद लिंपली, खोबरं लिंपलं. सासूबायला दिसायचं कमी, आन् बाप्यांनी तळी उचलताना हळदच बघितली."

"आन् धुवायचा न्हाय ते?" मी विचारलं.

"ते म्याच ठरीवलं. सासूबाय गेल्यावर तिच्या नावावर सांगितलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "दिवाळीला माझं काळीज हाललं, म्हणून आडवी आले. तवाच सांगायचं हुतं. न्हाय सांगवलं."

भावजी तिच्याकडं बघत राहिले. "इतकी वरसं?"

"इतकी वरसं. तवा कळलं असतं तर तुमी मला म्हायेरी घालवलं असतं."

"घालवलं असतं," भावजी म्हणाले.

तेवढ्यात रोडगे करपायला लागले, आणि तेही मलाच जाऊन काढावे लागले. मी चुलीपाशी असताना मागं भावजींचा आवाज ऐकला. वळून बघितलं तर ते पाटासमोर बसलेले, फेटा परत कसाबसा गुंडाळलेला, ताटाची एक बाजू धरलेली. हे अजून उभेच, मान खाली घालून.

"बस की," भावजी म्हणाले. "समदं आयुष्य तुझ्याच करदोड्याच्या पैशाच्या पाया पडलो म्या. धर ताट. उचल."

हे बसले. ताटाला हात लावला. येळकोट म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. आजवर एसटीत "पुढं सरका" म्हणून सगळ्या वाशी तालुक्याला ओरडलेला माणूस! शेवटी भावजीच म्हणाले, आक्का म्हणाली, आणि मला तर रडावं का चिडावं तेच कळेना, म्हणून मी सगळ्यात मोठ्यानं म्हणाले.

संध्याकाळच्या एसटीत हे खिडकीपाशी बसले होते. एक हात कमरेवर, सदऱ्याखालून करदोड्यापाशी. येरमाळा मागं पडलं तरी हात तिथंच. म्हटलं, आज ह्या माणसाला गप्प राहू द्यावं. तर हा आपणच वळला आणि काळजीनं म्हणाला, "शिवकांता, ओली हळद भरली गं आक्कानं. खोबऱ्याचं त्याल बी हाय. वरसाच्या आत परत हिरवं चढंल त्येच्यावर."

"चढू द्या," मी म्हणाले. "हात लावलात तर बघा."